वर्णनाचे ऋण : मानवी भूगोलाची नियतकालिके आणि उत्तराचा अधिकार

१

संशोधनपर नियतकालिकातील लेखाची तळटीप ही केवळ माहितीची सोय नसते. ती एक नैतिक संस्था असते. आपल्या विचारातला कोणता भाग कोणाकडून आला याची कबुली लेखक तीत देतो, आणि ज्याच्याकडून घेतले त्याच्यासाठी प्रत्युत्तराची वाट मोकळी ठेवतो. उद्धृत झालेला विद्वान पुढल्या अंकात येऊन आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाल्याचे सांगू शकतो. त्याचे म्हणणे न छापणारा संपादक विद्वत्तेच्या व्यवहाराचा संकेत मोडतो असे मानले जाते. ज्ञानाच्या या व्यवहारात घेणाऱ्याने देणाऱ्याला उत्तर देण्याजोग्या स्थितीत ठेवणे गृहीत धरलेले आहे.

मानवी भूगोलाच्या नियतकालिकांतील लेखावर मात्र दोन प्रकारची ऋणे असतात. एक ऋण ग्रंथांचे, आणि त्याची फेड तळटिपांतून होते. दुसरे ऋण ज्या वस्तीत, खोऱ्यात किंवा बाजारपेठेत अभ्यासक काही महिने वावरला, तेथील माणसांचे. त्यांनी वाटा दाखविल्या, हद्दी सांगितल्या, पाण्याच्या जागांची आणि भांडणांच्या कारणांची माहिती दिली. या दुसऱ्या ऋणाची नोंद बहुधा आभाराच्या एखाद्या वाक्यात होते. त्यातही गोपनीयतेसाठी नावे गाळलेली असतात. गोपनीयतेचे हे कारण पुष्कळदा न्याय्य असते. परंतु त्याचा एक परिणाम असा की, लेखातील सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार हा लेखाला उत्तर देऊ न शकणारा एकमेव साक्षीदार ठरतो.

ऋण ही कल्पना भारतीय विचारात जुनी आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही त्रयी सर्वपरिचित आहे. ऋषिऋणाची फेड अध्ययनाने होते, आणि तळटीप ही त्या फेडीची आधुनिक पावती म्हणता येईल. शतपथ ब्राह्मणात मात्र या तिन्हींबरोबर मनुष्यांचे चौथे ऋणही सांगितले आहे. ते आतिथ्याने, म्हणजे माणसांना आसरा आणि अन्न देऊन फेडावयाचे आहे. क्षेत्राभ्यास करणाऱ्या भूगोलज्ञाची स्थिती येथे उलटी होते. अतिथी तोच असतो. आसरा आणि अन्न त्यानेच घेतलेले असते. अतिथी म्हणून घेतलेल्या गोष्टीची फेड तो कशाने करणार, हा प्रश्न ऋषिऋणाच्या हिशेबात बसत नाही.

या लेखाचा प्रश्न तोच आहे. एखाद्या स्थळाचे वर्णन केल्याने वर्णनकर्ता तेथील माणसांचे काय देणे लागतो? समीक्षकांना तो परका वाटण्याचे कारण नाही. वर्णन हा वाङ्मयाचा मूलभूत व्यापार आहे आणि ग्रामीण, प्रादेशिक, दलित या सर्व वाङ्मयीन वादांच्या मुळाशी कोणी कोणाचे वर्णन करावे हाच प्रश्न होता. भूगोलाच्या नियतकालिकांत तो अधिक उघडा पडतो, कारण तेथील वर्णनाला कल्पिताचे संरक्षण नसते आणि त्याचा उपयोग करणारी सत्ता बहुधा जवळच उभी असते.

२

भूगोल हे शास्त्र निरागस कधीच नव्हते. लंडनची रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी १८३० साली स्थापन झाली ती शोधमोहिमा आणि साम्राज्यविस्तार यांच्या संगतीत. प्रवासवर्णन, नकाशा आणि महसुली नोंद हे तेथे एकाच व्यवहाराचे तीन कागद होते. विसाव्या शतकाच्या मध्यास या शास्त्राने संख्यात्मक पद्धतीचा आश्रय घेतला तेव्हा आपण या इतिहासातून सुटलो असे त्याला वाटले असावे. डेव्हिड हार्वे यांच्या दोन ग्रंथांतील अंतर या भ्रमाचा निरास किती झपाट्याने झाला ते दाखविते. १९६९ साली त्यांनी भौगोलिक स्पष्टीकरणाची तर्कव्यवस्था मांडणारा ग्रंथ लिहिला. १९७३ च्या ‘सोशल जस्टिस अँड द सिटी’मध्ये शहराचे स्पष्टीकरण न्यायाच्या प्रश्नापासून वेगळे काढता येत नाही या भूमिकेपर्यंत ते येऊन पोहोचले.

पुढे साहित्यसिद्धांताचे वारे या शास्त्रात शिरले. १९८९ साली जे. बी. हार्ली यांनी ‘कार्टोग्राफिका’ या नियतकालिकात नकाशाचे विरचन करणारा निबंध प्रसिद्ध केला. फूको आणि देरिदा यांच्या साहाय्याने त्यांनी नकाशा ही एक संहिता असल्याचे दाखविले. नकाशातील मौने, श्रेणी, चिन्हांचे आकार आणि कडेची सजावट हे सर्व वाचावयाचे असते, आणि ते वाचले की अचूकतेच्या दाव्याआड दडलेली सत्ता दिसू लागते. त्याच्या आदल्या वर्षी डॉना हारावे यांनी सर्वत्र पाहणाऱ्या पण स्वतः कोठेच उभ्या नसलेल्या दृष्टीचा दावा फोल ठरवून स्थाननिष्ठ ज्ञानाची कल्पना मांडली होती. स्थान हाच ज्याचा विषय त्या शास्त्राला आपले स्वतःचे स्थान विचारले जावे, यात एक काव्यगत न्याय होता.

या वळणाने एका प्रश्नाचे उत्तर दिले आणि दुसरा झाकला. स्थळाचे वर्णन पारदर्शक असू शकते काय, या ज्ञानशास्त्रीय प्रश्नाचे उत्तर त्याने समर्थपणे नकारार्थी दिले. वर्णन करणाऱ्याचे दायित्व काय, हा नैतिक प्रश्न मात्र आत्मनिवेदनाच्या स्वाधीन झाला. लेखक आरंभी आपला वर्ण, वर्ग, लिंग आणि नागरिकत्व सांगू लागला, आणि एवढे सांगितले की हिशेब मिटला असे मानण्याची प्रथा पडली. जिलियन रोज यांनी १९९७ साली ‘प्रोग्रेस इन ह्यूमन जिऑग्राफी’मध्ये या प्रथेचे मर्म उघड केले. संशोधकाने आपली भूमिका संपूर्णपणे ओळखून ती वाचकापुढे ठेवावी या अपेक्षेत तीच जुनी सर्वसाक्षी दृष्टी दडलेली आहे. फरक एवढाच की आता ती बाहेर न वळता आत वळली आहे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. स्वतःला पूर्ण जाणणारा निवेदक हा जगाला पूर्ण जाणणाऱ्या निवेदकाइतकाच कल्पित आहे.

या युक्तिवादाला आणखी एक पायरी जोडणे आवश्यक आहे. आत्मनिवेदन प्रामाणिक असले तरी त्याचा श्रोता कोण असतो? ते अन्य विद्वानांना उद्देशून केलेले असते. ज्याचे देणे आहे त्याच्याशी न बोलता तिऱ्हाइतापुढे दिलेली कर्जाची कबुली हिशेबाच्या वहीत उतरते. धनकोपर्यंत ती पोहोचत नाही.

३

याहून वेगळी वाट शोधण्याचा एक प्रयत्न अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात झाला. विल्यम बंगी हे संख्यात्मक भूगोलाचे अग्रणी. १९६२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘थिऑरेटिकल जिऑग्राफी’ हा ग्रंथ त्या पंथाचा आधारग्रंथ मानला जाई. १९६७ च्या जुलैमध्ये डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीयांचा उद्रेक झाला. त्या काळात बंगी त्याच शहरातील फिट्झजेराल्ड या वस्तीत राहत होते. या एक चौरस मैलाच्या वस्तीचा भूगोल त्यांनी १९७१ साली ग्रंथरूपाने सिद्ध केला. दूरच्या खंडांत जाणाऱ्या मोहिमांची परिभाषा त्यांनी मुद्दाम उचलली आणि उलटी केली. ‘डेट्रॉइट जिऑग्राफिकल एक्सपिडिशन अँड इन्स्टिट्यूट’ या उपक्रमाची मोहीम शहराच्या पोटातच जावयाची होती. तिचे धोरण वस्तीतील लोकांनी ठरवावयाचे होते. आणि विद्यापीठाच्या दारापर्यंत न पोहोचणाऱ्या तरुणांना ती विनाशुल्क अभ्यासक्रम व त्यांची श्रेयपत्रे मिळवून देणार होती.

या उपक्रमातील दुसरे नाव ग्वेंडोलिन वॉरेन यांचे. कृष्णवर्णीय समाजातील ही तरुण कार्यकर्ती तेव्हा नुकतीच शाळेबाहेर पडलेली होती. संस्थेच्या ‘फील्ड नोट्स’ या पत्रिकेच्या १९७१ च्या अंकात डेट्रॉइटच्या मुलांचा भूगोल मांडला गेला. त्यातील एक नकाशा आजही भूगोलाच्या वर्गांतून दाखविला जातो. उपनगरांतून मध्यशहराकडे मोटारींनी ये-जा करणाऱ्यांच्या मार्गावर कृष्णवर्णीय मुले कोठे कोठे चिरडली गेली, ते त्यावर बिंदूंनी दाखविलेले आहे. ही माहिती पोलिसांकडून सहज मिळण्यासारखी नव्हती. त्यासाठी राजकीय ओळखींचा आधार घ्यावा लागला. नकाशाचे शीर्षकही तटस्थ नाही. ते मोटारचालकांना कर्ता करते आणि मुलांना अपघाताच्या आकडेवारीत विरघळू देत नाही. ‘अपघात’ या शब्दात जो व्याकरणिक कर्ता नाहीसा होतो तो या शीर्षकाने परत आणला, असे समीक्षेच्या परिभाषेत म्हणता येईल. संख्येला शत्रू न मानताही तिला कोणाच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे ते बदलता येते, हे या नकाशाने सिद्ध केले.

या प्रयोगाचा वृत्तांत रोनाल्ड हॉर्व्हाथ यांनी १९७१ साली ‘अँटिपोड’मध्ये लिहिला. मॅसेच्युसेट्समधील क्लार्क विद्यापीठात १९६९ साली निघालेले हे नियतकालिक जहाल भूगोलाचे व्यासपीठ होते. प्रयोग अल्पकाळच टिकला. विद्यापीठांचा आधार सुटला. बंगी कॅनडात गेले आणि त्यांनी काही काळ टॅक्सी चालविली. त्यानंतरच्या दशकांत एक आख्यायिका तयार झाली. प्रस्थापितांनी बाहेर टाकलेला बंडखोर प्राध्यापक हा तिचा नायक, आणि वस्ती ही त्याच्या नायकत्वाची पार्श्वभूमी. ज्या उपक्रमाचा उद्देश वस्तीला कर्तेपण देण्याचा होता, त्याच्या इतिहासातच वस्तीचे कर्तेपण पुसट झाले.

ही आख्यायिका दुरुस्त होण्यास बराच काळ जावा लागला. उत्तर अमेरिकेतील व त्याबाहेरील जहाल भूगोलाच्या इतिहासाचा एक संग्रह २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वॉरेन यांनी सिंडी कॅट्झ आणि निक हाइनेन या भूगोलज्ञांसह या प्रयोगाचा फेरविचार करणारे प्रकरण लिहिले. दंतकथा, पंथ आणि स्मृती यांची तपासणी हाच त्याचा विषय आहे. या प्रकरणाने प्रयोगाला नवी माहिती जोडली, हे त्याचे लहान मोल झाले. त्याचे मोठे मोल असे की, ज्या व्यक्तीची नोंद इतरांच्या वृत्तांतात होत आली होती, ती स्वतः वृत्तांताची कर्ती झाली. डेट्रॉइटच्या प्रयोगाचे खरे यश किंवा अपयश ठरविण्याची कसोटी येथे सापडते. त्याने वस्तीचे किती भले केले याचा हिशेब आता दुष्कर आहे. परंतु त्याने घडविलेल्या संबंधांतून सुमारे अर्ध्या शतकाने का होईना, एक उत्तर आले. आत्मनिवेदनाच्या कितीही पानांतून ते आले नसते.

४

वस्तीचा सहभाग हाच उपाय आहे, असा निष्कर्ष डेट्रॉइटवरून काढण्याचा मोह होतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभी सहभागी नकाशालेखन हा शब्दप्रयोग खूपच प्रचलित झाला, आणि मेक्सिकोतील ओआहाका राज्यात त्याची मर्यादा दिसून आली.

मेक्सिकोच्या राज्यघटनेच्या सत्ताविसाव्या कलमात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि सामाईक जमिनींच्या खाजगीकरणाची वाट मोकळी झाली. तिचा समूहभूमीवर काय परिणाम होतो हे जाणण्यासाठी कॅन्सस विद्यापीठातील भूगोलज्ञांनी पीटर हर्लिही यांच्या नेतृत्वाखाली २००५ नंतर ‘मेहिको इंदिहेना’ हा प्रकल्प हाती घेतला. सिएरा ह्वारेस या डोंगराळ प्रदेशातील झापोटेक गावांत, विशेषतः सान मिगेल तिल्तेपेक आणि सान ह्वान यागिला येथे, गावकऱ्यांना शिकवून त्यांच्याकडूनच स्थलनामांची व जमीनवापराची माहिती गोळा करण्यात आली. ग्रामसभांची अनुमती घेतली गेली होती. नकाशे गावांना परत देण्यात आले. सहभागी पद्धतीच्या पाठ्यपुस्तकात आदर्श म्हणून जे सांगितले जाते त्यातील बहुतेक सर्व येथे होते.

प्रकल्प अमेरिकन जिऑग्राफिकल सोसायटीच्या ‘बोमन मोहिमां’चा भाग होता, आणि त्याला निधी देणाऱ्यांत अमेरिकी लष्कराचे परदेशी लष्करी अभ्यास कार्यालय होते. सिएरा ह्वारेसमधील उनोस्हो या संघटनेने २००९ च्या जानेवारीत जाहीर निवेदन काढून आक्षेप घेतला की, या निधीची माहिती गावांना नीट देण्यात आली नाही, आणि ही भूगोलाच्या नावाने केलेली लूट आहे. पुढे तिल्तेपेकच्या वतीनेही तशाच आशयाचे निवेदन निघाले. संशोधकांनी आरोप नाकारला. निधीचा स्रोत कधीही लपविला नव्हता, माहिती खुली होती आणि प्रकल्प गावांच्या हिताचाच होता, असे त्यांचे म्हणणे होते. वाद भूगोलाच्या नियतकालिकांतून गाजला, आणि २०१३ साली जोएल वेनराइट यांनी ‘जिओपायरसी’ या पुस्तकात त्याची सैद्धांतिक मीमांसा केली.

नेमके कोणी कोणाला काय सांगितले, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. दोन्ही पक्षांचे म्हणणे क्षणभर खरे धरले तरी एक अडचण शिल्लक राहते, आणि तात्त्विकदृष्ट्या तीच महत्त्वाची. संमती ही एका क्षणी दिली जाते. वर्णन मात्र त्या क्षणानंतर प्रवास करीत राहते. स्थलनामांची जी यादी गावात असताना आठवणींचा साठा असते, तीच दुसऱ्या देशातील संगणकावर निर्देशांकांसह पोहोचली की भूभागाची हेरगिरीयोग्य माहिती बनू शकते. संहिता तीच, संदर्भ बदलला. संहितेचा अर्थ संदर्भागणिक पालटतो हे ज्यांनी साहित्यसिद्धांतापासून शिकून घेतले, त्यांनीच संमतीपत्राचा अर्थ मात्र कायमचा स्थिर मानावा, ही विसंगती आहे. संमती पूर्ण ज्ञानपूर्वक घ्यावी, या सूचनेने ती दूर होत नाही. कारण वर्णनाचे पुढे काय होईल याचे पूर्ण ज्ञान संशोधकालाही नसते. जे त्याच्याकडेच नाही ते तो दुसऱ्याला कसे देणार?

म्हणून आत्मनिवेदनाप्रमाणेच संमतीही अपुरी ठरते. पहिल्यात धनकोशी बोलणे होत नाही. दुसऱ्यात ते एकदाच होते. ऋणाच्या संबंधाला जे हवे ते म्हणजे बोलणे पुन्हा सुरू करण्याचा अधिकार, आणि तो ज्याच्याकडून घेतले त्याच्या हाती असणे.

५

हा अधिकार कोठे बजावावयाचा? येथे नियतकालिकाच्या रूपाचा विचार अपरिहार्य होतो. नियतकालिक हे ज्ञानाचे नुसते वाहन नाही. कोणाचे उत्तर उत्तर मानावयाचे हे ठरविणारी ती व्यवस्था आहे. तिच्या तीन अटी आहेत. उत्तर देणाऱ्याला लेख मिळाला पाहिजे, तो त्याच्या भाषेत किंवा त्याला अवगत भाषेत असला पाहिजे, आणि त्याचे उत्तर परीक्षकांना ओळखू येणाऱ्या रूपात असले पाहिजे.

पहिल्या अटीबाबत काही हालचाल झाली आहे. २००२ साली सुरू झालेले ‘अ‍ॅक्मी’ हे चिकित्सक भूगोलाचे नियतकालिक आरंभापासून विनामूल्य उपलब्ध आहे. दुसरी अट अधिक कठीण. बार्सिलोनाच्या मारिया दोलोर्स गार्सिया-रामोन यांनी २००३ साली दाखविले की, आंतरराष्ट्रीय म्हणविणाऱ्या भूगोलात इंग्रजीचे स्थान संपर्कभाषेपुरते राहिलेले नाही. कोणता प्रश्न सार्वत्रिक आणि कोणता स्थानिक हेही तिच्या सोयीने ठरते. मँचेस्टरचा अभ्यास हा शहराचा अभ्यास असतो, पुण्याचा अभ्यास हा पुण्याचा अभ्यास असतो, असे या निरीक्षणाचे आपल्याकडील रूप सांगता येईल. ‘अ‍ॅक्मी’ने इंग्रजीखेरीज अन्य काही युरोपीय भाषांतील लेखनही स्वीकारले, तरी झापोटेकसारखी भाषा या यादीच्या फार दूर राहते.

तिसऱ्या अटीकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. वर्णन झालेल्यांचे उत्तर क्वचितच लेखाच्या रूपात येते. ते ग्रामसभेच्या ठरावाच्या, निवेदनाच्या, गाण्याच्या किंवा न्यायालयातील शपथपत्राच्या रूपात येते. पुष्कळदा ते मौनाच्या रूपातही येते. मोहॉक समाजातील मानववंशशास्त्रज्ञ ऑड्रा सिम्प्सन यांनी २००७ साली वर्णनास नकार देण्याची कल्पना मांडली, तेव्हा या मौनालाच एक सिद्धांतरूप मिळाले. जे सांगितले गेले नाही ती माहितीतील उणीव न मानता समाजाने आखलेली सीमा म्हणून वाचली पाहिजे, असा त्या मांडणीचा रोख आहे. हार्ली यांनी नकाशातील मौनांत सत्तेची दडपशाही वाचली होती. सिम्प्सन यांच्यामुळे मौनात दडपल्या गेलेल्यांची सत्ताही वाचता येते. समीक्षेने ही दोन मौने वेगळी ओळखण्यास शिकले पाहिजे.

रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या २०१७ च्या वार्षिक परिषदेचे सूत्रच भौगोलिक ज्ञानाचे निर्वसाहतीकरण हे होते. त्यावर त्याच वर्षी भूगोलज्ञांकडूनच टीका झाली की, संस्थांची रचना आणि वंशभेद यांना हात न लावता केलेले निर्वसाहतीकरण हे जुन्याच घरातील नवे दालन ठरेल. वर मांडलेल्या दृष्टीने ही टीका वाचता येते. विषयसूचीत नवे शब्द आले, म्हणून उत्तराची जागा निर्माण होत नाही.

६

उत्तराच्या या अधिकाराविरुद्ध दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप सत्याच्या बाजूचा. वर्णन झालेल्यांना उत्तराचा अधिकार दिला, तर झोपडपट्टीप्रमाणेच ती उठविणारा बांधकाम व्यावसायिक, मजुराप्रमाणेच त्याचा जमीनदार हेही तो मागतील. डेट्रॉइटच्या नकाशातील मोटारचालकांनीही तो मागितला असता. बलिष्ठांच्या मर्जीवर वर्णन सोडले तर भूगोलाची चिकित्सा संपुष्टात येईल. या आक्षेपाचे निराकरण उत्तर आणि निषेधाधिकार यांतील भेदाने होते. उत्तराचा अधिकार म्हणजे वर्णन रोखण्याचा अधिकार नव्हे. ते खोडून काढण्याचा, त्याच्या शेजारी आपले वर्णन ठेवण्याचा तो अधिकार आहे. बलिष्ठांजवळ तो पूर्वीपासूनच असतो. वृत्तपत्रे, वकील आणि प्रसंगी विद्यापीठाचे विश्वस्तही त्यांच्या हाताशी असतात. तो नवीन द्यावयाचा आहे तो ज्यांच्याजवळ नाही त्यांना. सिम्प्सन यांना अभिप्रेत असलेला नकार याहून वेगळा आहे. तो दुसऱ्याचे लेखन रोखत नाही. आपल्याजवळचे देण्यास नाही म्हणतो. आपल्याजवळचे न देणे हा दात्याचा मूळचाच अधिकार आहे.

दुसरा आक्षेप समूहाच्या बाजूचा. उत्तर कोणी द्यावयाचे? गाव ही एकसंध व्यक्ती नाही. ओआहाकातही ग्रामसभा आणि प्रादेशिक संघटना ही भिन्न व्यासपीठे होती. गावाच्या नावाने बोलणारा आवाज हा पुष्कळदा गावातील सबळांचा आवाज असतो. डोरीन मॅसी यांनी १९९१ पासून आग्रहाने मांडलेला विचार येथे साहाय्यक ठरतो. स्थळ म्हणजे सीमांनी बंद केलेली एकच ओळख नसून अनेक संबंधांची गाठ आहे, आणि त्या गाठीत प्रत्येकाची सत्ता सारखी नसते. म्हणून स्थळाचे उत्तर एकच असेल ही अपेक्षाच गैर आहे.

मराठी वाचकाला याचे प्रत्यंतर घरचेच आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. प्रशासकीय अनुभवातून आलेले हे मराठी खेड्याचे वर्णन समाजशास्त्र आणि भूगोल या दोन्ही दृष्टींनी असाधारण आहे. अलुते-बलुते, वतने आणि हक्क यांचा तपशील त्यात बारकाईने आला आहे, आणि कुणब्यावर पडणाऱ्या ओझ्याची चिंता त्यामागे आहे. त्या वर्णनात महार हा व्यवस्थेचा एक घटक म्हणून येतो. त्रेसष्ट वर्षांनी, १९७८ साली, दया पवार यांचे ‘बलुतं’ आले. ते आत्र्यांना दिलेले उत्तर म्हणून लिहिलेले नाही. तरी गावाच्या हिशेबातील एका बाबीचे नाव उचलून तेच आत्मकथनाचे शीर्षक करणे ही कृती उत्तराचीच आहे. बलुते हा शब्द वर्णन करणाऱ्याच्या वहीतून निघून वर्णन झालेल्याच्या तोंडी आला, आणि त्याचा अर्थ पुन्हा पूर्वीसारखा राहिला नाही. ‘गावगाडा’ त्यामुळे खोटा ठरला काय? मुळीच नाही. आता तो ‘बलुतं’सह वाचावा लागतो, आणि तसा वाचल्यानेच त्याचे मोल आणि त्याची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. पहिल्या आक्षेपाचे यापेक्षा चांगले उत्तर सापडणे कठीण. प्रत्युत्तराने वर्णनाचे सत्य कमी होत नाही. ते कोठून पाहिलेले सत्य आहे ते कळते.

दुसरा आक्षेपही येथे निराळ्या रूपात दिसतो. ‘बलुतं’ हे महार समाजाचे एकमेव किंवा अधिकृत उत्तर नव्हते. त्याच्यापाठोपाठ स्त्रियांची आत्मकथने आली, आणि त्यांनी पुरुषांच्या आत्मकथनांत न आलेले घरातले जग सांगितले. उत्तरालाही उत्तर असते. समूहाचा आवाज एक नाही, हे उत्तराचा अधिकार नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही; ते तो अधिकार एका उत्तरावर संपू न देण्याचे कारण आहे.

७

या विवेचनातून नियतकालिकांच्या व्यवहारासंबंधी काही गोष्टी निष्पन्न होतात. लेखाचा सारांश ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करणे, ठराव किंवा निवेदन यांना संशोधनाची सामग्री न मानता प्रत्युत्तर म्हणून छापणे, आणि लेखाच्या पुढील वाचकाला ते प्रत्युत्तर मूळ लेखाच्या सोबतच मिळेल अशी व्यवस्था करणे, या त्यांपैकी काही. त्या लहान वाटतील. परंतु तळटीपही एके काळी लहानच गोष्ट होती, आणि आज तिच्यावाचून विद्वत्तेची कल्पना करता येत नाही.

त्याहून महत्त्वाची बाब वृत्तीची आहे. मराठीत ‘उत्तरदायी’ हा शब्द जबाबदार या अर्थाने रूढ झाला आहे, पण त्याच्या घटनेत उत्तर देणे आहे. जबाबदार या फारसी वळणाच्या शब्दातही जबाब आहेच. दोन्ही शब्द असे सुचवितात की दायित्व हे मनाच्या शुद्धतेत नसून समोरच्याच्या प्रश्नाला सामोरे जाण्यात आहे. आत्मनिवेदनाने भूगोलज्ञ शुद्ध होऊ पाहतो, आणि संमतीपत्राने निर्धास्त. ऋणको मात्र यांपैकी काहीच होऊ शकत नाही. त्याला केवळ सापडण्याजोग्या ठिकाणी राहता येते.

वर्णनाचे ऋण म्हणूनच पूर्ण फिटणारे नाही, आणि ते फिटत नाही म्हणून वर्णनच सोडून द्यावे हा निष्कर्षही चुकीचा आहे. चिरडलेल्या मुलांचा नकाशा काढला गेला नसता तर ती मुले पोलिसांच्या नोंदवहीतच राहिली असती. अतिथीने काही न घेता परत जाणे हा आतिथ्याचा सन्मान नव्हे. घेतले ते कोणाचे हे सांगणे, आणि ते मागण्यासाठी यजमानाला जेथे येता येईल असे दार उघडे ठेवणे, एवढेच त्याच्या हाती असते. चौथ्या ऋणाच्या बाबतीत मानवी भूगोलाच्या नियतकालिकांना अद्याप हे दार करावयाचे आहे.